घराबाहेर समुद्र आहेच, आता घरातही करायचाय : फिल्टर आणि दिवे कोणते घेऊ?

पडवीतला_मासा | १८ एप्रिल, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्यातले मासे बरीच वर्षं पाळतोय. गप्पी, मॉली, एंजल, आणि मधे दीड वर्ष एक ऑस्कर होता, जो बाकी सगळ्यांना खाऊन शेवटी एकटाच राजासारखा राहिला. आता खाऱ्या पाण्याची, म्हणजे प्रवाळांची रीफ टाकी करायचं मनात आहे.

घर रत्नागिरीजवळ. समुद्र चालत पाच मिनिटांवर. टाकी आणून ठेवली आहे, ३६ × १८ × १८ इंच, जाड काचेची. अजून कोरडी आहे. आत सध्या आईने कांदे ठेवलेत.

प्रश्न दोनच. एक, फिल्टर कुठला? माझ्याकडे जुना कॅनिस्टर आहे, तो चालेल का? दोन, दिवे कोणते? इंटरनेटवर बघितलं तर टाकीपेक्षा दिवा महाग. मला वाटतंय, पाणी समुद्राचं, दगड किनाऱ्यावरचे, वाळू फुकट, म्हणजे खर्च फक्त या दोन गोष्टींचा. बरोबर ना?

---

तिसऱ्या_वाढा | १८ एप्रिल, रात्री १०:२२

"बरोबर ना?" वाचून धाग्यावर येणाऱ्या जाणकारांचे चेहरे डोळ्यांसमोर आले. वडापाव घेऊन बसतो.

---

खारवलेला | १८ एप्रिल, रात्री ११:४०

पडवीतला, शेवटच्या वाक्यातलं एकही बरोबर नाही, पण निराश होऊ नका. मी आठ वर्षांपूर्वी कुडाळात अगदी हाच हिशोब मांडला होता.

आधी फिल्टरबद्दल. गोड्या पाण्यात फिल्टर म्हणजे डबा, त्यात स्पंज, रिंगा, कापूस. रीफ टाकीत खरा फिल्टर म्हणजे दगड. सच्छिद्र दगडाच्या पृष्ठभागावर जे जिवाणू बसतात ते माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. दगडाच्या आत, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू त्या नायट्रेटचा वायू करून सोडतात. कॅनिस्टरमध्ये हे शेवटचं काम होत नाही. शिवाय त्यातला स्पंज दर आठवड्याला धुतला नाही तर अडकलेला गाळ तिथेच कुजतो आणि नायट्रेट वाढत जातं. पाण्यातली घाण शोषणारा कार्बन ठेवायला वापरायचा तर वापरा, भरवसा ठेवू नका.

त्यानंतर प्रोटीन स्किमर. हे यंत्र गोड्या पाण्यात चालत नाही, कारण तिथे बुडबुडे लगेच मोठे होऊन फुटतात. खाऱ्या पाण्यात ते अगदी बारीक राहतात, दुधासारखे दिसतात. कुजण्याआधीचे सेंद्रिय कण त्या बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि कपात जमतात. समुद्रावर वारा असला की काठाला पिवळट फेस साचतो ना, तेच. पहिल्यांदा कप रिकामा कराल तेव्हा घराबाहेर करा. रंग उकळलेल्या चहाच्या गाळाचा, आणि वास पावसाळ्यात ओल लागलेल्या सुक्या जवळ्याचा.

तिसरं, खालची टाकी, म्हणजे सम्प. मुख्य टाकीतून पाणी खाली पडतं, तिथे स्किमर, हीटर, सगळी अडगळ, आणि पंपाने पाणी परत वर. जमलं तर हे कराच.

दिव्यांचं उद्या लिहितो, झोप आलीये.

---

गजाली_खूप | १९ एप्रिल, सकाळी ७:०५

माझ्याकडे क्लाऊनफिश आणले तेव्हा आवशीन पहिल्याच दिवशी इचारल्यान, "ह्यो मासो खावचो कधी?" दोन वर्षं झाली. अजून इचारता.

---

नियमावली | १९ एप्रिल, सकाळी ९:३०

"दगड किनाऱ्यावरचे" या शब्दांपाशी थांबा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००१ साली सगळी कठीण प्रवाळं, काळी प्रवाळं आणि समुद्री पंखे त्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले. म्हणजे वाघाच्या रांगेत. जिवंत असो वा मेलेलं, उचलायचं नाही, विकायचं नाही, घरी ठेवायचं नाही. प्रवाळाचा तुकडा चिकटलेला खडक ओहोटीला "नुसता पडलेला" दिसला तरी तोच नियम. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही संरक्षित आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, साधारण २९ चौरस किलोमीटर. तिथून तर शिंपलाही आणू नका.

परदेशी व्हिडिओंत जी रंगीत काटेरी झाडासारखी प्रवाळं दिसतात, ती आपल्याकडच्या नवशिक्याच्या टाकीसाठी नाहीतच. दुकानदार "चालतं हो" म्हणेल. त्याला कागद मागा. कागद नसेल तर चालत नाही.

---

पडवीतला_मासा | १९ एप्रिल, सकाळी १०:१२

बाप रे. हे माहीत नव्हतं. मग टाकीत ठेवायचं काय? आणि जांभा दगड चालेल का? अंगणात ढीग पडलाय. सच्छिद्र तर तो आहेच!

---

तिसऱ्या_वाढा | १९ एप्रिल, सकाळी १०:१५

जांभ्याची रीफ. वर कौलंही घाला. माशांना वाटेल माहेरी आलो.

---

मत्स्यशाळा | १९ एप्रिल, दुपारी १:५०

हसण्यावारी नेऊ नका, प्रश्न चांगला आहे. मी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले आहे, तिथे पहिल्या वर्षी कोणीतरी हे विचारतंच.

जांभ्याची भोकं दिसतात मोठी, पण तो लोह आणि अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा दगड. लाल रंग लोहाचाच. पाण्यात भुगा सुटतो. म्हणून बाजारात मिळणारा सिरॅमिकचा किंवा कृत्रिम कोरडा दगड घ्या. त्यात कायद्याचा प्रश्न नाही आणि नको असलेले खेकडे-किडेही येत नाहीत. एवढ्या टाकीला १५ ते १८ किलो पुरे. भिंत बांधल्यासारखा रचू नका, मधून पाणी फिरलं पाहिजे. आणि दगड थेट तळाच्या काचेवर बसवून मग वाळू टाका. उलटं केलंत तर वाळू उकरणारा एखादा जीव दगड पाडेल.

वाळूचंही तेच. आपल्या जिल्ह्यातल्या बऱ्याच पुळणींवर काळी वाळू दिसते. ते इल्मेनाइट, लोह आणि टायटॅनियमचं खनिज. काचेवर चुंबकाचा ब्रश फिरवलात की काळे कण ब्रशला चिकटणार आणि काच ओरखडणार. पिशवीतली अॅरागोनाइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची वाळू आणा.

जीव म्हणाल तर हॅचरीत जन्मलेली क्लाऊनफिशची जोडी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने (सीएमएफआरआय) मंडपम आणि विळिंजमला या माशाची पैदास कधीच बसवली आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेला घ्यायची गरज नाही. सोबत काच चाटणाऱ्या गोगलगायी. मऊ प्रवाळांचं नंतर बघू, तेही नियमावली म्हणतात तसं कागद बघून.

---

रापण | १९ एप्रिल, दुपारी ३:२०

पाण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. देवगडला मी सहा वर्षं समुद्राचंच पाणी वापरतो. मिठाच्या पिशव्यांवर पैसे कशाला घालवायचे?

पण किनाऱ्यावरून बादली भरायची नाही. डिसेंबर ते एप्रिलमध्ये ओळखीच्या होडीवाल्याकडे कॅन देतो. बंदर मागे टाकून बऱ्याच आत, खाडीच्या तोंडापासून लांब, भरतीला भरायचं. जेटीजवळच्या पाण्यावर डिझेलचा तवंग असतो. घरी आणल्यावर बारीक कापडातून गाळायचं आणि झाकणबंद निळ्या पिंपात अंधारात दोन आठवडे ठेवायचं. त्यात जे सूक्ष्म जीव असतात ते मरून तळाला बसतात. वरचं नितळ पाणी हळूच काढून घ्यायचं, कार्बनवरून फिरवायचं, खारटपणा मोजायचा, मग टाकीत.

---

खारवलेला | १९ एप्रिल, संध्याकाळी ५:०८

रापण, तुमच्याकडे होडीवाला आहे, पिंपं आहेत आणि सहा वर्षांचा हात आहे. पडवीतल्याकडे कांद्यांची टाकी आहे. आणि जूनमध्ये काय कराल? नद्यांचं गोडं पाणी आणि लाल गाळ महिनोन्‌महिने किनाऱ्याला असतो. १ जूनला मासेमारीबंदी लागते, होड्या वर. नेमकं त्याच काळात पाणी बदलायची वेळ आली तर?

---

रापण | १९ एप्रिल, संध्याकाळी ५:३०

मेमध्ये दोनशे लिटर साठवतो. पण खरंय, गेल्या सप्टेंबरात पिंप संपलं आणि मीही मिठाची पिशवी आणली. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला म्हणून पाणी लगेच स्वच्छ होत नाही. नवशिक्याने मीठच घ्यावं, मान्य. फुकट म्हणालो ते मागे घेतो, होडीवाल्याला दर खेपेला काहीतरी द्यावं लागतंच.

---

मत्स्यशाळा | १९ एप्रिल, संध्याकाळी ६:१५

तुमच्या टाकीत काठोकाठ १९० लिटर मावतं. लिटरला ३५ ग्रॅम धरलं तरी साडेसहा किलो मीठ. स्वयंपाकाचं नव्हे, रीफचं. ते आरओच्या पाण्यात आणि वेगळ्या बादलीत विरघळवायचं, टाकीत जीव असताना टाकीत कधीच नाही. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे खारटपणाचं माप, १.०२५ च्या आसपास. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवा. तरंगणारा स्वस्त मापक बुडबुडा चिकटला की खोटं बोलतो.

आणि बाष्पीभवनाने पाणी कमी होतं तेव्हा मीठ उडून जात नाही. रोजची भर गोड्या पाण्याची. हे कितीही वेळा सांगितलं तरी कोणीतरी खारं पाणी ओततंच.

---

उंबरठा | १९ एप्रिल, रात्री ९:००

मत्स्यशाळाताईंच्या शेवटच्या वाक्याला जोडून माझी फजिती सांगते. भर घालायचं आरओ पाणी मी कशात साठवत होते? आजीच्या तांब्याच्या घंगाळात. स्वच्छ, घासलेलं, चकचकीत. पाण्याला चांगलं म्हणतात ना! तीन आठवड्यांत दोन कोळंब्या आणि सगळ्या गोगलगायी गेल्या. मासे ठणठणीत. काही कळेना. शेवटी इथल्याच एका जुन्या सभासदाने विचारलं, "पाणी कशात ठेवता?" आरओचं पाणी धातू ओढून घेतं, आणि पाठीचा कणा नसलेल्या जीवांना तांबं थोडंसंही सोसत नाही. घंगाळ आता तुळशीपाशी आहे.

दुसरी फजिती सम्पची, ती निवांत लिहीन.

---

गजाली_खूप | १९ एप्रिल, रात्री ९:०४

कणा नसलेले जीव तांब्यान मरतत? मगे आमच्या हापिसात एक घंगाळ नेऊन ठेवूक होया.

---

खारवलेला | २० एप्रिल, रात्री १०:५०

आता दिवे.

रीफमध्ये दिवा माणसाला दिसावं म्हणून नसतो. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाला पोसतं. समुद्रात खोलवर पोचणारा उजेड बहुतेक निळा असतो, म्हणून दिव्यात ४२० ते ४८० नॅनोमीटरचा निळा-जांभळा भाग भरपूर लागतो. वॅट आणि ल्यूमेन बघू नका. पार (पीएआर) नावाचं माप असतं, झाडांना उपयोगी पडणारा उजेड. मऊ प्रवाळांना ५० ते १५० पुरतं. काटेरी कठीण जातींना दोनशेच्या पुढे लागतं, पण त्या आपल्याला ठेवायच्याच नाहीत. म्हणजे कायद्याने तुमचे पैसे वाचवलेत! सगळ्यात महाग दिव्याची गरजच उरली नाही.

तीन फुटी टाकीला एकच मोठा दिवा मधे लावण्यापेक्षा दोन मध्यम एलईडी बाजूबाजूला लावा, कोपरे अंधारे राहत नाहीत. निळी आणि पांढरी वाहिनी वेगवेगळी कमीजास्त करता आली पाहिजे. टाकीत जिवाणू बसत असताना, म्हणजे पहिला महिना-दीड महिना, दिवा लावूच नका. नंतर चार-पाच तासांपासून सुरुवात करून आठवर न्या. एकदम पूर्ण उजेड दिलात की आधी तपकिरी साका चढतो, त्यामागून केसांसारखं हिरवं शैवाल.

---

चाकरमानी_७७ | २१ एप्रिल, दुपारी १२:३०

मी मुंबईत हौशीने साधा पांढरा फ्लडलाइट लावला होता, वॅट भरपूर. पंधरा दिवसांत टाकी म्हणजे भाताचं शेत. लावणी करायची बाकी होती. मग निळा घेतला. तेव्हापासून समोरच्या इमारतीतल्या काकू विचारतात, "रात्री तुमच्याकडे पार्टी असते का हो?"

लहानपणी मे महिन्यात गावी आलो की वडील झाडगावच्या संशोधन केंद्रातलं मत्स्यालय दाखवायला न्यायचे. देवमाशाचा सांगाडा बघून मी आठवडाभर पाण्यात उतरत नसे. मुंबईचं तारापोरवाला १९५१ चं, तेही पाहिलंय, पण मनात राहिला तो सांगाडा.

---

तिसऱ्या_वाढा | २१ एप्रिल, दुपारी १२:४१

एलईडी लावून मासे धरायला बंदी आहे, माहितीये ना? पडवीतल्याच्या घरावर गस्ती नौका येईल.

---

वायरमन_बाबू | २१ एप्रिल, रात्री ८:२०

कोणी विजेबद्दल बोललंच नाही. मीठ, पाणी आणि वीज एकाच कपाटात राहणार आहेत. सम्पच्या वर पिनबोर्ड लावू नका, बाजूला भिंतीवर लावा. प्रत्येक वायर आधी खाली झोळ देऊन मग वर प्लगला न्या, म्हणजे ओघळ झोळातून खाली पडतो, प्लगमध्ये जात नाही. आणि आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच, बसवा. हात पाण्यात आणि पंपाची वायर उंदराने कुरतडलेली, एवढंच पुरतं.

लाईट जाणं आपल्याकडे नवीन नाही. दिवे गेले तर टाकीला काही होत नाही, प्रवाळ दोन दिवस अंधारात राहतं. पंप थांबला तर मात्र पाणी हलत नाही. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो, आणि दगडातले कोट्यवधी जिवाणूही तोच ओढतात. म्हणून इन्व्हर्टरवर एकच लाट करणारा पंप ठेवा, दहा वॅटचा असतो. घरातल्या एका पंख्याच्या विजेत असे चार-पाच चालतील. सेलवर चालणारा हवेचा पंप जादा ठेवा. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, पुढच्या मेमध्ये तौक्ते. दोन्ही वेळा आमच्याकडे दिवसेंदिवस वीज नव्हती. तेव्हा माझ्या मित्राने पाळीपाळीने तांब्याने पाणी उपसून परत ओतलं होतं.

---

उंबरठा | २१ एप्रिल, रात्री ८:२६

बाबूदादा, स्टीलच्या तांब्याने ना?

---

वायरमन_बाबू | २१ एप्रिल, रात्री ८:३३

प्लास्टिकच्या मगाने, ताई. चुकलो.

---

उंबरठा | २२ एप्रिल, दुपारी ३:१०

तर सम्पची फजिती. अलिबागला नवीन टाकी, नवीन सम्प, सगळं सुरळीत. पाहुणे जेवायला. लाईट गेली, आम्ही मेणबत्त्या शोधतोय, आणि पायाला गार लागलं. पंप बंद पडला की परतीच्या नळीत पाणी उलटं वाहायला लागतं, सायफनसारखं. नळीचं तोंड माझ्या टाकीत चार इंच खोल होतं. म्हणजे वरचं चार इंच पाणी खाली उतरणार. पडवीतला, तुमच्या मापाच्या टाकीत एक इंच म्हणजे साडेदहा लिटर. माझ्या सम्पमध्ये पंधरा लिटरची जागा होती. बाकीचं शहाबादी फरशीवरून थेट देवघरात.

उपाय फुकट आहे. परतीच्या नळीचं तोंड पृष्ठभागाच्या अगदी जवळ ठेवा, आणि पातळीच्या जरा खाली नळीला एक बारीक भोक पाडा. पाणी तिथवर उतरलं की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. मग सगळं चालू असताना मुद्दाम मेन स्विच बंद करून बघा, सम्प किती भरतो ते. तिथे पट्टी चिकटवा. रोजची पातळी त्याच्या हिशोबाने ठेवा.

---

खारवलेला | २२ एप्रिल, संध्याकाळी ६:४५

सोन्यासारखा सल्ला. भर एवढीच, की ते भोक महिन्याला टाचणीने साफ करा. त्यात शैवाल किंवा गोगलगाय बसते.

पडवीतला, पाणी खाली सम्पमध्ये उतरायला तुमच्या काचेला भोक नाही. मागच्या काचेला वरच्या कडेजवळ भोक पाडून घ्या, पण आधी दुकानदाराला ती टफन्ड आहे का विचारा. टफन्ड काच ड्रिल लागताच चुरा होते. काठावरून लटकवायचे ओव्हरफ्लो डबे मिळतात, ते मी तरी घेणार नाही. लाईट जाऊन आली की त्यांचा सायफन कधीकधी परत धरत नाही. मग खालचा पंप मुकाट्याने पाणी वर पाठवत राहतो.

---

रापण | २२ एप्रिल, रात्री ९:१५

सम्पशिवायही होतं हो. मी काठाला लटकवायचा स्किमर, भरपूर दगड आणि दोन लाटपंप यावर सहा वर्षं काढली. नवशिक्याला आधीच सुतार, काचवाला, प्लंबर यांच्या मागे लावू नका. मासे कमी, खाणं कमी, दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदल. बस.

---

खारवलेला | २२ एप्रिल, रात्री ९:५०

होतं, नाही असं नाही. पण तुम्ही रोज संध्याकाळी घरी असता. महिन्यातून चार दिवस फिरतीवर जाणाऱ्याला सम्पमधलं जादाचं पाणी आणि आपोआप भर घालणारा फ्लोट लागतो.

---

पडवीतला_मासा | २३ एप्रिल, सकाळी ८:००

मी फिरतीवर जातो. काच टफन्ड नाही, विचारून आलो. सम्प करतो. कांदे हलवले.

लाट करणारा पंप किती ताकदीचा? आणि टाकी पडवीत ठेवायचा विचार होता, नावच तसं घेतलंय.

---

मत्स्यशाळा | २३ एप्रिल, सकाळी ११:३५

पडवीत नको! ऊन, वारा, पावसाळ्यात दिव्यावर येणारी पाखरं. माजघरात ठेवा. जांभ्याच्या जाड भिंतींचा खरा उपयोग इथे आहे. माडीवर तर मुळीच नको. पाणी, दगड, काच, स्टँड, सम्प धरून पावणेतीनशे-तीनशे किलोच्या घरात जाईल, लाकडी तक्तपोशीवर ते झेपणार नाही.

मऊ प्रवाळांसाठी तासाला टाकीच्या वीसपट पाणी फिरलं तर छान, म्हणजे ४००० लिटरच्या आसपास. दोन पंपांत वाटून समोरासमोर, म्हणजे प्रवाह एकमेकांवर आदळून गोंधळ होतो. गोंधळच हवा असतो. परतीचा पंप वेगळा, तो तासाला पाचपट पुरे. डब्यावर २००० लिहिलेलं असलं तरी चार फूट वर चढवताना निम्म्यावर येतो.

आता मला ज्याची खरी काळजी आहे ते. दिवा आणि फिल्टर यांपेक्षा आपल्याकडे तापमान मारतं. पाणी २५-२६ अंशांवर हवं. मेमध्ये बंद टाकीत दुपारी ३२ सहज होतं. तीसच्या वर दिवसच्या दिवस राहिलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. समुद्रातसुद्धा हेच होतं. देशावरचे लोक सांगतात, "पाण्यावर पंखा सोडा, तीन-चार अंश उतरतं." पुण्यात उतरेल. पंखा बाष्पीभवनाने गार करतो, आणि आपल्या हवेत आधीच इतकी वाफ असते की पाणी उडायला जागा नाही. माझ्या वहीतल्या नोंदी सांगते. जानेवारीत पंख्याने अडीच अंशांचा फरक, जूनमध्ये पाऊण.

म्हणून दिव्याचे पैसे थोडे कमी करा आणि चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, घ्या. चिलर गरम हवा बाहेर टाकतो, तो कपाटात कोंडू नका. आणि दिवे दुपारी नको, संध्याकाळी चार ते रात्री अकरा. दिव्याची उष्णता दुपारच्या उष्णतेवर चढत नाही आणि तुम्ही घरी असताना टाकी दिसते.

---

गजाली_खूप | २३ एप्रिल, दुपारी १२:१०

घरात माणसांका एसी नाय आणि माशांका चिलर. आमच्या वाडीत ह्या कळला तर भजनाक बोलवचे नाय.

पण खरा सांगतंय पडवीतल्या, एकदा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूक मास्क लावन पाण्यात तोंड घाल. मगे तुका कळतला तू घरात कसली नक्कल करतंस ती. दर्यातला दर्यातच ऱ्हवांदे, तू आपलो हॅचरीचो मासो आण.

---

चाकरमानी_७७ | २ मे, रात्री ११:००

पडवीतला, काय झालं पुढे? मी गावी आलोय, आंबे आणि धागा दोन्ही संपवतोय.

---

पडवीतला_मासा | ११ मे, रात्री ९:२०

पाणी भरलं! सिरॅमिक दगड १६ किलो, मीठ, आरओ. चिलर घेतला, दिवे अजून नाहीत. अमोनिया सुरू करायला काय टाकू? कोणी म्हणतं बाटली, कोणी म्हणतं मासा.

---

मत्स्यशाळा | ११ मे, रात्री १०:०५

मासा अजिबात नको, जळतो बिचारा. एक कच्ची सोललेली कोळंबी जाळीच्या पिशवीत बांधून टांगा. जिवाणूंची बाटली सोबत घातलीत तर चालेल. चार ते सहा आठवडे धरा. अमोनिया वर जाऊन उतरेल, मग नायट्राइट वर जाऊन उतरेल. दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं की झालं.

---

तिसऱ्या_वाढा | ११ मे, रात्री १०:०९

एक कोळंबी टाकीत, बाकी तव्यावर. पाकीट अर्ध्या किलोचंच येतं, काय करणार.

---

पडवीतला_मासा | ६ सप्टेंबर, रात्री १०:३०

बऱ्याच दिवसांनी आलो, क्षमस्व. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना हिशोब देणं लागतो.

कोळंबीने चौथ्या दिवशी असा वास सोडला की आई दोन रात्री ओटीवर झोपली. अमोनिया २ वर गेला, तेराव्या दिवसापासून उतरला. नायट्राइट मात्र हटेना. अडतिसाव्या दिवशी नायट्राइट तपासायच्या नळीतलं पाणी पहिल्यांदा गुलाबी झालं नाही, मी ती नळी सगळ्या घराला दाखवली. कोणालाच काही कळलं नाही.

सम्पची परीक्षा उंबरठाताईंनी सांगितली तशी घेतली. मेन बंद केला, पाणी पट्टीच्या दोन बोटं खाली थांबलं. मग जुलैत खरोखर लाईट गेली, तेव्हा पट्टीच्या वर गेलं! भोकात खारवलेले म्हणाले तशी बोटाच्या पेराएवढी गोगलगाय बसली होती. फरशीवर तांब्याभर पाणी आलं, देवघर वाचलं. आता दोन भोकं पाडलीत.

स्किमरने पहिला आठवडा नुसता फेस उतू घातला. मी तो बिघडला समजून परत करायला निघालो होतो. मग आपोआप शांत झाला. दिवे दोन मध्यम घेतले, आठ तास. तपकिरी साका आला आणि महिन्याभरात गेला. क्लाऊनफिशची हॅचरीतली जोडी, चार गोगलगायी. मऊ प्रवाळ अजून नाही. दुकानदाराने कागद "पुढच्या वेळी देतो" सांगितलं, मी म्हटलं, प्रवाळही पुढच्या वेळीच द्या.

मत्स्यशाळाताई, चिलर नसता तर काय झालं असतं ते मेच्या शेवटच्या आठवड्यात कळलं. खोलीत ३४, टाकीत २६. आई दुपारी टाकीच्या काचेला पाठ लावून बसायची.

एक अडचण आहे. गणपतीत सगळे फोटो मागणार, आणि निळ्या उजेडात मोबाईलवर सगळं शाईच्या बाटलीसारखं येतंय. मासे दिसतच नाहीत.

---

गजाली_खूप | ६ सप्टेंबर, रात्री १०:४४

मखराचो पिवळो जिलेटिन कागद उरलेलो असतलो. त्येची दुहेरी घडी कॅमेऱ्याच्या डोळ्यावर धर आणि काढ.

---

पडवीतला_मासा | ६ सप्टेंबर, रात्री ११:०२

पिवळा नव्हता, नारिंगी होता. आला फोटो! दोन्ही मासे आणि मागे आईचा चेहरा, काचेत.